आवडत्या माशासाठी दुसरा मासा मारावा का?

पंचगंगेच्या काठाला किंवा कोल्हापूरच्या कळंबा तलावाच्या कडेला सुट्टीच्या दिवशी गळ टाकून बसणाऱ्या पोरांच्या मोबाईलवर हल्ली अमेरिकेतल्या बास मासेमारीचे व्हिडिओ हमखास दिसतात. रीळ कसं फिरवायचं, रबरी बेडूक पाण्यावर कसा नाचवायचा, हे बरीचशी पोरं त्यातूनच शिकली. त्या व्हिडिओंत मधूनच एक प्रसंग येतो. बासऐवजी लांब चोचीचा, दातेरी मासा गळाला लागतो आणि पकडणारा तो पाण्यात परत न सोडता काठावर फेकून देतो. कारण एकच सांगतो: हा बास खातो. मग इथंही विषय निघतो. "भावा, आपला शिवडा पण तसलाच की. सोडलेली सगळी बोटुकली त्योच खातोय. मारूनच टाकाय पाहिजे." शिवडा म्हणजे आपल्या नदीतला मोठ्या तोंडाचा शिकारी मासा, आणि बोटुकली म्हणजे तलावात सोडायची बोटभर पिल्लं.

माझं मत आधीच सांगतो. नदीत किंवा मोठ्या तलावात, तिथल्याच मूळच्या शिकारी माशाला दुसऱ्या माशाच्या भल्यासाठी मारण्याला आधार नाही. बहुतेक वेळा त्याचा फायदा होत नाही, आणि होणारं नुकसान भरून यायला कित्येक दशकं लागतात. पण "कधीच मारू नये" हेही खरं नाही. कुठं चालतं आणि कुठं नाही, ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

आधी बासविषयी. लार्जमाउथ बास हा मूळचा उत्तर अमेरिकेच्या पूर्व आणि मध्य भागातला मासा. हिरवट अंग, कुशीवर काळसर पट्टा, डोळ्याच्या मागेपर्यंत फाटलेलं तोंड. तो स्वतःच पक्का शिकारी आहे. लहान मासे, झिंग्याखेकड्यांच्या कुळातले क्रेफिश, बेडूक, प्रसंगी बदकाची पिल्लं, आणि आपल्याच जातीची पिल्लंसुद्धा तो गिळतो. म्हणजे या वादात कुणी गरीब, गवत खाणारा मासा वाचवायचा नाहीये. एका शिकाऱ्याला दुसऱ्या शिकाऱ्यापासून वाचवायचं चाललंय, कारण पहिला गळाला लागल्यावर जोरात ओढतो आणि पाण्याबाहेर उसळी मारतो. त्याच्या भोवती स्पर्धा, बोटी आणि सामानाचा मोठा धंदा उभा आहे.

समोरच्या बाजूला सगळ्यात बदनाम म्हणजे गार, व्हिडिओतला तो लांब चोचीचा मासा. या कुळातल्या सात जाती आज जिवंत आहेत आणि त्यांचे पूर्वज डायनासोरच्या काळात पाण्यात होते. अंगावर शंकरपाळीच्या आकाराचे, हाडासारखे कडक खवले. अंडी माणसाला विषारी. पोटातल्या हवेच्या पिशवीने ते वरची हवा घेऊ शकतात, म्हणून कोमट, गढूळ पाण्यातही तगतात. त्यातला सर्वांत मोठा ॲलिगेटर गार. २०११ साली मिसिसिपी राज्यात जाळ्यात सापडलेला एक गार सुमारे १४८ किलोचा आणि अडीच मीटरहून लांब होता. त्याचं वय नव्वदीच्या पुढं असावं असा अंदाज निघाला. या माशाची मादी वयात यायलाच साधारण दहा वर्षं लागतात. नदीला पूर येऊन पाणी काठच्या गवतावर पसरलं तरच वीण चांगली साधते. पूर नसलेल्या वर्षी पिल्लं जवळजवळ नाहीतच. असा मासा एका दुपारी मारला तर त्याची जागा भरायला किती वर्षं लागतील, याचा हिशेब प्रत्येकानं मनाशी करावा.

तो खरंच बास खातो का? हे बघायची पद्धत सोपी आहे, पोट तपासायचं. त्यासाठी मासा मारावाच लागतो असंही नाही. तोंडातून बारीक नळी पोटापर्यंत सरकवतात आणि हळूहळू पाणी सोडतात. पोटातलं सगळं उलटून खालच्या चाळणीत येतं. त्यात पूर्ण मासा क्वचितच असतो. बहुतेक अर्धवट विरघळलेला लगदा, त्यातून डोकावणारा एखादा पाठकणा, घशातले दात, कानातला खडा, चार खवले, क्रेफिशची नांगी. अभ्यासक चिमट्याने हे एकेक वेगळं करतात आणि हाडाच्या ठेवणीवरून कुठला मासा होता ते ओळखतात. मासा नंतर पाण्यात सोडून देतात.

गारच्या पोटात सगळ्यात जास्त काय निघतं? शॅड नावाचा चंदेरी, थव्यानं फिरणारा मासा, कार्पच्या कुळातले मासे, आणि जे पुष्कळ आहे, हाताशी आहे ते. बासही निघतो, पण त्याचा वाटा छोटा असतो. आणि गारचं पिल्लू लहान असताना बासच्या तोंडात सापडलं तर बास ते सोडत नाही. दोघं एकमेकांची पिल्लं खात, एकाच पाण्यात लाखो वर्षं राहिलेत. गारमुळे बास संपायचा असता तर माणूस गळ घेऊन येण्याच्या कितीतरी आधीच संपला असता.

यावर पुढचा सवाल येतो: "थोडे तरी खातो ना? मग तेवढे तरी वाचतील." वाटतं खरं, पण पाण्यात गणित तसं चालत नाही. बासच्या एका घरट्यात हजारो अंडी असतात. त्यातली किती पिल्लं वर्षाची होणार हे मुख्यतः कोवळ्या वयात खाणं किती मिळालं, लपायला पाणवनस्पती आहेत का, धरणाचं पाणी विणीच्या वेळी अचानक उतरलं का, यावर ठरतं. समजा, एका तलावात हजार पिल्लं आहेत आणि खाणं-निवारा शंभरांपुरताच आहे. शिकाऱ्यांनी तीनशे खाल्ली तरी शेवटी शंभरच उरतात आणि शिकारी काढून टाकले तरी साधारण शंभरच. फरक इतकाच की दुसऱ्या वेळी उरलेली उपासमारीनं, रोगानं किंवा थंडीनं मरतात. आपल्याकडं उसाच्या बेटाला फुटवे पुष्कळ येतात, पण तोडणीला किती ऊस उभे राहणार ते रान, खत आणि पाणी ठरवतं. काही फुटवे किडीनं गेले तर बाकीचे भरतात. तसंच हे आहे.

उलटाही परिणाम होतो. अमेरिकेच्या उत्तरेकडच्या तलावांत नॉर्दर्न पाइक नावाचा शिकारी मासा असतो. मोठे पाइक वेचून काढले की छोट्या पाइकना खाणारं कुणी राहत नाही, मग तलाव हातभर लांबीच्या, खंगलेल्या पाइकनी भरतो. ते लहान माशांवर आणखी जास्त तुटून पडतात. बासचंही तेच. छोट्या तळ्यात लहान बासची गर्दी झाली की कुणीच मोठा होत नाही आणि मग तज्ज्ञ तळ्याच्या मालकाला सांगतात, लहान बासच काढा आणि खा. म्हणजे बास मोठा व्हायला पाहिजे असेल तर कधी कधी बासच कमी करावा लागतो.

आता ज्या गोष्टीसाठी मला हा लेख लिहावासा वाटला, तिच्याकडं येतो. अमेरिकेच्या पश्चिमेला वायोमिंग आणि युटा राज्यांतून ग्रीन नावाची नदी वाहते. तिच्यावर फ्लेमिंग गॉर्ज धरण बांधून होत आलं होतं. नव्या जलाशयात रेनबो ट्राउट सोडायचे होते, कारण ट्राउटच्या गळमासेमारीला लोक लांबून येतात. आड येत होते नदीतले मूळचे मासे. त्यांना किंमत नव्हती. तेव्हा सप्टेंबर १९६२ मध्ये सरकारी खात्यांनी ग्रीन नदी आणि तिच्या उपनद्यांच्या सुमारे ७०० किलोमीटर पात्रात रोटेनॉन हे विष सोडलं. रोटेनॉन काही वनस्पतींच्या मुळांतून मिळतं. ते माशाच्या पेशींना प्राणवायू वापरू देत नाही, त्यामुळं पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. विष खाली डायनासोर राष्ट्रीय स्मारकाच्या हद्दीत जाऊ नये म्हणून वरच्या बाजूला पोटॅशियम परमँगनेट टाकून ते निकामी करायचं ठरलं होतं. ते पुरेसं झालं नाही. विष हद्दीच्या आत गेलं आणि तिथंही मासे मेले.

त्या पात्रात कोलोरॅडो पाइकमिनो राहत होता. त्या नदीचा सर्वांत मोठा शिकारी, पूर्वी माणसाच्या उंचीएवढा वाढायचा आणि विणीसाठी शेकडो किलोमीटर प्रवास करायचा. त्याच्याबरोबर हंपबॅक चब, रेझरबॅक सकर, बोनीटेल. विषाच्या आधीपासूनच धरणांनी त्यांचं जगणं अवघड केलं होतं. पुढं हे चारही मासे अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत गेले. १९८८ पासून त्यांना सावरण्यासाठी खास सरकारी कार्यक्रम चालू आहे. हॅचरीत पिल्लं वाढवतात, अंगात खूण बसवतात, नदीत सोडतात. आणि आज त्याच नदीत, त्याच कार्यक्रमात, बोटीतून विजेचा सौम्य प्रवाह सोडून कुठला मासा गोळा करून काढतात? स्मॉलमाउथ बास. लार्जमाउथचाच जवळचा नातेवाईक, गळवाल्यांचा लाडका, त्या नदीत बाहेरून आलेला. तो मूळच्या माशांची पिल्लं खातो.

माणसांनी एका पिढीत एका माशाला नदीतून पुसायला विष ओतलं, आणि पुढच्या पिढीनं त्याच माशाला परत आणायला हॅचऱ्या बांधल्या. एवढं झाल्यावरही "शिकारी मारा" हे वाक्य सहज तोंडी येतं, याचं मला फार वाईट वाटतं.

गारच्या बाबतीतही मत बदलत गेलं. १९३०च्या दशकात टेक्सासमध्ये विजेनं गार मारायची खास बोट सरकारी खात्यानं चालवली होती. २००९ पासून त्याच टेक्सासमध्ये बहुतेक पाण्यांत माणशी दिवसाला एकच ॲलिगेटर गार ठेवायची परवानगी आहे. इलिनॉय राज्यातून तो नाहीसा झाला होता, तिथं २०१० पासून पुन्हा सोडायला लागलेत.

मग मारणं कधी उपयोगी ठरतं? कोलंबिया नदीचं उदाहरण प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, कारण ते माझ्या बाजूचं नाही. तिथं नॉर्दर्न पाइकमिनो हा मूळचाच शिकारी आहे आणि तो समुद्राकडं निघालेली सॅमनची पिल्लं खातो. नदीवर धरणं झाली, वाहतं पाणी संथ झालं, टर्बाइनमधून भोवंडून निघालेली पिल्लं त्याच्या तोंडाशी आयती येऊ लागली. म्हणून १९९० च्या सुमारापासून तिथं गळवाल्यांना दर पाइकमिनोमागं पैसे दिले जातात. पण नियम बघा. ९ इंचांहून मोठाच मासा धरायचा, म्हणजे सॅमन खाण्याइतका. उद्दिष्ट वर्षाला मोठ्या माशांपैकी १० ते २० टक्केच काढायचं, जात संपवायचं नाही. प्रत्येक मासा मोजणी केंद्रावर दाखवायचा आणि काही माशांना आधीच खूण लावून सोडायचं, म्हणजे किती टक्के निघाले ते कळतं. याचा सॅमनला उपयोग झाला असं तिथले अभ्यासक मानतात. मोजमाप आहे, मर्यादा आहे, आणि मूळ बिघाड धरणानं झालाय हे कबूल आहे. काठावर बसलेल्या एकट्या माणसानं रागानं मासा आपटणं हे त्यात बसत नाही.

दुसरी वेळ परक्या माशाची. इथं आपली मरळ गोष्टीत येते. कोल्हापुरात मरळ मिळाली तर माणूस खूश होतो. मांस घट्ट, काटे कमी, भावही चांगला. तिच्याच कुळातली एक मरळ २००० साली अमेरिकेत फ्लोरिडात सापडली आणि खळबळ उडाली. दोन वर्षांनी मेरीलँडमधल्या क्रॉफ्टन गावच्या तळ्यात तिची चीनकडची बहीण सापडली, तेव्हा ते तळंच विष घालून साफ केलं. तिथं मरळीच्या कुळातला मासा जिवंत घेऊन जाणं बेकायदा आहे आणि धरला तर मारा, असं सरकार सांगतं. मला ते चुकीचं वाटत नाही. तिथल्या पाण्यानं हा मासा कधी पाहिलेलाच नाही.

पण मग बासलाही हाच नियम. जपानमध्ये तो १९२५ साली आशी तलावात आणून सोडला. पुढं तो देशभर पसरला, आणि २००५ पासून तिथं बास पाळणं, वाहून नेणं, सोडणं कायद्यानं बंद आहे. २००९ साली लार्जमाउथ बासच्या जागतिक विक्रमाची बरोबरी करणारा, दहा किलोचा मासा धरला गेला तो जपानच्या बिवा तलावात, जिथं सरकार बास कमी करायला झटतंय.

महाराष्ट्राचंही एक उदाहरण आहे. आपला खडस, म्हणजे दख्खनचा महसीर, लोणावळ्याच्या हॅचरीत वाढवून देशात अनेक ठिकाणी सोडला गेला. चांगल्या हेतूनंच. तो कावेरीतही गेला. कावेरीचा स्वतःचा कुबडा महसीर आज नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर आहे आणि त्याच्या कारणांत बाहेरून आलेला आपला खडसही मोजतात. एकच मासा कृष्णेच्या खोऱ्यात घरचा आणि कावेरीत परका. म्हणून "हा मासा वाईट आहे का" हा प्रश्न मला निरुपयोगी वाटतो. मासा कुठल्या पाण्यातला आणि आत्ता कुठल्या पाण्यात आहे, एवढं विचारलं की निम्मा वाद मिटतो.

आता आपल्या शिवड्याकडं येऊ. शिवडा खादाड आहे, यात शंका नाही. पण तो कृष्णा-पंचगंगेचा मूळचा आहे आणि आययूसीएन या निसर्गसंवर्धन संस्थेच्या जागतिक यादीत तो आता 'असुरक्षित' वर्गात गेलाय. ज्यांच्यासाठी त्याला मारायचं म्हणतात ते कटला, रोहू, मृगळ मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. माणसानं दक्षिणेत आणून सोडलेले. ते वाईट नाहीत, त्यांच्यावर अनेक घरं चालतात. पण त्यांच्या नावानं नदीतल्या घरच्या माशाला गुन्हेगार ठरवणं बरोबर नाही.

पंचगंगेत मासा कमी झालाय हे म्हातारे भोई सांगतात आणि ते खोटं सांगत नाहीत. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती प्रयाग चिखलीला मिळतात, तिथून नरसोबाच्या वाडीपर्यंत नदी जाते, आणि वाटेत शहराचं, गावांचं, कारखान्यांचं सांडपाणी घेते. उन्हाळ्यात बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असतात, पाणी तुंबतं, प्राणवायू उतरतो आणि एका सकाळी मेलेल्या माशांचा खच काठाला लागतो. अशा पाण्यात टिकतात ते मरळ, मागूर यांच्यासारखे वर येऊन हवा घेणारे मासे. बाकीचे मेल्यावर तेच गळाला लागतात आणि माणूस म्हणतो, यांनीच सगळं खाल्लं. अमेरिकेत गार आणि बोफिन नावाच्या माशाच्या बाबतीत हाच गैरसमज झाला. पाणी बिघडलं, बास गेला, हवा घेणारे राहिले, दोष त्यांच्यावर गेला. बंधारेही चढणीच्या माशांची वाट अडवतात. पहिल्या पावसात वर जाऊन अंडी घालणारा मासा बरगे वेळेत निघाले नाहीत तर भिंतीखाली अडकतो आणि तिथं जाळं लावून बसणाऱ्याला आयता सापडतो.

शेततळं किंवा मत्स्यबीज वाढवायचं तळं मात्र वेगळी गोष्ट आहे. ते माणसानं खणलेलं, बांधलेलं पाणी. बीज सोडण्याआधी त्यातून मरळ, शिवडा, वाम काढून टाकणं योग्यच आणि मत्स्यशेतीची ती पहिली पायरी आहे. जाळं ओढून जमलं नाही तर मोहाची पेंड घालतात, हेक्टरी साधारण २,५०० किलो, बीज सोडायच्या तीनेक आठवडे आधी. तिच्यातलं सॅपोनिन माशाला मारतं, काही दिवसांत त्याचा जोर ओसरतो आणि पेंड खत होऊन राहते. हाच प्रकार ओढ्यात किंवा नदीच्या डोहात करणं म्हणजे ग्रीन नदीचा छोटा अवतार, आणि दुर्दैवानं विष किंवा ब्लीचिंग टाकून डोह मारणारे लोक आहेत.

काठावर करायचं काय? शिवडा, मरळ, वाम गळाला लागली तर खायची असेल तर घरी न्या, नसेल तर सोडा. फेकून देण्यासाठी मारू नका. मरळीच्या बाबतीत एक गोष्ट डोळ्यांनी बघता येते. संथ पाण्यात, पाणवनस्पतीच्या कडेला लालसर-नारिंगी पिल्लांचा गोळा उकळी फुटल्यासारखा वर येतो, हवा घेतो आणि खाली जातो. त्याच्या बरोबर खाली आईबाप असतात, आणि ते पिल्लं राखत असल्यामुळं काहीही जवळ आलं तरी तुटून पडतात. तिथं गळ टाकला की हमखास लागतो. म्हणूनच तिथं टाकू नये. जोडी गेली की तो गोळा दुसऱ्या माशांच्या पोटात जातो.

थाई मागूर, म्हणजे आफ्रिकन मागूर, सापडला तर तो पाण्यात परत सोडू नका आणि जिवंत कुठं नेऊ नका. त्याच्या संवर्धनावर केंद्र सरकारनं बंदी घातली आहे. पण लहानपणी तो आपल्या देशी मागूरसारखाच दिसतो, तेव्हा खात्री नसेल तर फोटो काढून मत्स्यव्यवसाय विभागाला दाखवा. घरच्या काचेच्या टाकीतला कंटाळा आलेला मासा रंकाळ्यात सोडणं हेही याच यादीत येतं.

आणि ज्या संस्थांनी तलाव ठेक्यानं घेतलेत त्यांची अडचण खरी आहे. पैसे खर्च करून बीज सोडायचं आणि ते शिवड्यानं खायचं, हे कुणाला परवडेल? त्यावर उपाय शिवडा संपवणं नाही, बीज मोठं करून सोडणं आहे. जिरे किंवा नखाएवढं बीज तलावात टाकलं तर ते शिवड्याच्याच काय, कुणाच्याही तोंडात मावतं. तलावाच्या कडेला जाळीचे पिंजरे किंवा छोटी तळी करून तेच बीज १०० मिलिमीटरच्या पुढं वाढवलं आणि मग सोडलं, तर त्यातलं बरंच वाचतं. मोठ्या जलाशयांसाठी मत्स्यतज्ज्ञ हाच आकार सांगतात. खर्च वाढतो, दोन-तीन महिने सांभाळावं लागतं. पण ठेक्याची बोली लावताना हा खर्च आधीच धरायला पाहिजे.